केंद्रकांचा कल: कुलाबा, अलिबाग, पनवेल आणि हिऱ्यातला उजेड

अणूच्या केंद्रकाला स्पिन असते आणि स्पिनमुळे ते एका अतिसूक्ष्म चुंबकासारखे वागते. पदार्थातील असे असंख्य चुंबक एका दिशेला वळवणे म्हणजे केंद्रकांच्या स्पिनचे ध्रुवीकरण. हे काम वाटते तितके सोपे नाही. एक टेस्ला क्षमतेच्या चुंबकात, नेहमीच्या तापमानाला, हायड्रोजनची दहा लाख केंद्रके ठेवली, तर क्षेत्राच्या दिशेने वळलेली आणि उलट दिशेने वळलेली यांच्या संख्येतला फरक जेमतेम तीन-साडेतीनचा भरतो. पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्रात तो दहा हजार कोटींमागे पंधराच्या आसपास येतो. उष्णतेची धडपड चुंबकीय ओढीपेक्षा कितीतरी बलवान असल्यामुळे रांग लागण्याआधीच मोडते. हिऱ्यातील विशिष्ट स्फटिकदोषांवर हिरवा प्रकाश टाकून ही रांग हजारो पटींनी सुधारता येते, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दाखवले. या संशोधनाची मुळे चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या जुन्या विद्येत आहेत, आणि त्या विद्येचा भारतातील सर्वांत दीर्घ वारसा कुलाबा, अलिबाग आणि पनवेल या पट्ट्यात आहे.

कर्नाळ्याचा काळा दगड

पनवेलहून अलिबागकडे जाणारा रस्ता कर्नाळ्याच्या खिंडीतून जातो. उजव्या-डाव्या हाताला पक्षी अभयारण्याची झाडी आणि वर किल्ल्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला बेसॉल्टचा सुळका, ही या खिंडीची खूण. हा सगळा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळपास आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेलच्या परिसरात पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला झुकतात. भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये या झुकावाचे वर्णन केले आणि भूविज्ञानाच्या ग्रंथांत तो पनवेलच्याच नावाने ओळखला जातो.

बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीच्या लोहखनिजांचे बारीक कण असतात. लाव्हा निवत असताना तापमान सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले, की मॅग्नेटाइटमधील इलेक्ट्रॉनांचे स्पिन आपापसातील बलामुळे एका दिशेला येतात आणि त्या वेळचे पृथ्वीचे क्षेत्र दगडात कायमचे उमटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकात दख्खनच्या दगडांतील या जुन्या चुंबकत्वाचा अभ्यास सुरू झाला. ई. आर. डॉइश, सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचे त्यावरील काम १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. दख्खनच्या बहुसंख्य थरांतील चुंबकत्व आजच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे आहे, आणि लाव्हा ओतला गेला त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हे अशा मोजणीतून पुढे आले.

दगडाच्या आणि केंद्रकाच्या चुंबकत्वातील भेद इथेच स्पष्ट होतो. मॅग्नेटाइटमधील इलेक्ट्रॉन एकमेकांना धरून राहतात, म्हणून त्यांची रांग कोट्यवधी वर्षे टिकते. केंद्रकाचे चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या तुलनेत अतिशय दुबळे असते. प्रोटॉनचे सुमारे ६५८ पट कमी. शेजारचे केंद्रक त्याला धरून ठेवू शकत नाही. केंद्रकांना रांगेत आणायचे तर ती ताकद बाहेरून पुरवावी लागते. ती कुठून आणावी, हाच पुढच्या इतिहासाचा विषय आहे.

कुलाबा ते अलिबाग

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. आधीचा हेतू खगोलवेध आणि जहाजांना अचूक वेळ देणे हा होता. कार्ल फ्रीडरिश गाऊस याने जर्मनीत पृथ्वीचे क्षेत्र निरपेक्ष एककांत मोजण्याची रीत घालून दिल्यावर जगभर एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेण्याची मोहीम उभी राहिली आणि कुलाबा तिच्यात सामील झाले. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली १८४१ मध्ये तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे होते. पुढे गणिती आणि ज्योतिषी म्हणून नाव कमावलेल्या केरूनानांचे शास्त्रीय शिक्षण बव्हंशी याच वेधशाळेत झाले.

त्या काळी क्षेत्र मोजायचे ते रेशमाच्या धाग्याला टांगलेल्या चुंबकाने. चुंबकाची दिशा पाहून उत्तरेपासूनचा कल मिळे, आणि त्याला हलकासा धक्का दिल्यावर तो किती वेळात एक झोका घेतो यावरून क्षेत्राची तीव्रता काढता येई. दर तासाला कोणीतरी दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचून वहीत लिहायचा, आणि चुंबक अस्वस्थ झाला की त्याहूनही कमी अंतराने. १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे जगभर चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्याच्या वह्यांत आडव्या क्षेत्राची जी घसरण लिहिली गेली ती सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची होती. ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्स लखिना आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या नोंदींचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा त्या वादळाचे मोजमाप सांगणारा तो अत्यंत मोलाचा पुरावा ठरला.

१८७०च्या दशकाच्या आरंभी कुलाब्याला छायाचित्रण पद्धतीची यंत्रे आली. टांगलेल्या चुंबकाला छोटा आरसा जोडलेला असे. दिव्याचा किरण त्या आरशावरून परावर्तित होऊन फिरत्या संवेदनशील कागदावर पडे आणि चुंबक जसा हले तशी कागदावर रेघ उमटे. प्रकाशाचे काम चुंबकाची हालचाल वाचण्यापुरते होते; चुंबकाला दिशा देण्याशी त्याचा संबंध नव्हता.

नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस १८९६ मध्ये वेधशाळेचे संचालक झाले. ते या पदावरील पहिले भारतीय. मुंबईतील ट्राम विजेवर चालवण्याचे ठरल्यावर त्यांच्यासमोर पेच उभा राहिला. रुळांतून आणि जमिनीतून वाहणाऱ्या विजेमुळे नाजूक चुंबकांच्या नोंदी बिघडणार, हे स्पष्ट होते. वेधशाळा हलवण्यासाठी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले गेले. तेथील इमारतींत लोखंडाचा खिळाही चालणार नव्हता आणि स्थानिक काळा दगडही नको होता, कारण तो स्वतःच चुंबकीय. भिंतींसाठी पोरबंदरचा, चुंबकत्व नसलेला दगड आणला गेला. एप्रिल १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांगड घालता यावी. १९०६ मध्ये कुलाब्याची चुंबकीय नोंद थांबली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत विजेची ट्राम धावली. कुलाब्यातील १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची सामग्री मूस यांनी १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली.

प्रोटॉनचा स्वर

टांगलेल्या चुंबकात एक उणीव होती. त्याची स्वतःची ताकद काळाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे बदले, म्हणून तो पुन्हा पुन्हा पारखून घ्यावा लागे. कधीही न बदलणारा चुंबक हवा होता, आणि तो केंद्रकाच्या रूपाने सापडला.

१९४६ मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले, की क्षेत्रात ठेवलेली केंद्रके ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरींना प्रतिसाद देतात. या आविष्काराला एनएमआर म्हणतात. दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत भारतातून गेलेले एस. एस. धर्मट्टी काम करत होते. जेम्स अर्नोल्ड, धर्मट्टी आणि मार्टिन पॅकार्ड या तिघांनी १९५१ मध्ये इथाइल अल्कोहोलचा एनएमआर वर्णपट प्रसिद्ध केला. एकाच रेणूतील हायड्रोजनची केंद्रके त्यात तीन वेगळ्या शिखरांत विभागलेली दिसतात आणि शिखरांची क्षेत्रफळे एक, दोन, तीन अशा प्रमाणात असतात: ऑक्सिजनशी जोडलेला एक हायड्रोजन, मधल्या कार्बनवरचे दोन आणि टोकाच्या कार्बनवरचे तीन. रसायनशास्त्रातील एनएमआरच्या वापराचा पाया या छोट्याशा निबंधाने घातला.

यांपैकी पॅकार्ड यांनी रसेल व्हेरियन यांच्यासह १९५४ मध्ये आणखी एक प्रयोग जाहीर केला. पाण्याच्या बाटलीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळून त्यातून काही क्षण जोराचा विद्युतप्रवाह सोडला, की त्या क्षेत्रात प्रोटॉनांचा कल वेटोळ्याच्या अक्षाकडे होतो. प्रवाह झटकन तोडला, की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती गिरक्या घेऊ लागतात आणि त्याच वेटोळ्यात क्षीण विद्युतसंकेत उमटतो. या संकेताची वारंवारता क्षेत्राच्या तीव्रतेवर आणि प्रोटॉनच्या एका अचल गुणधर्मावर अवलंबून असते, बाटलीच्या आकारावर किंवा यंत्राच्या वयावर नाही. अलिबागचे एकूण क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला धरले, तर प्रोटॉनची वारंवारता सेकंदाला अठराशेच्या थोडी वर येते. ध्वनिवर्धकाला जोडल्यास हा स्वर कानाने सरळ ऐकू येतो. दोनएक सेकंदांत तो विरून जातो.

या तत्त्वावरचा प्रोटॉन मॅग्नेटोमीटर जगभरच्या चुंबकीय वेधशाळांत एकूण क्षेत्राचे प्रमाण ठरला. भारतीय हवामान खात्याकडील भूचुंबकत्वाचे काम १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था या स्वायत्त संस्थेकडे गेले. आधी कुलाब्याला असलेले तिचे मुख्यालय पुढे नवीन पनवेलला आले, आणि अलिबागची वेधशाळा तिच्याच अखत्यारीत आहे. अशा रीतीने कर्नाळ्याच्या खिंडीच्या एका टोकाला संस्था आणि दुसऱ्या टोकाला वेधशाळा, अशी भौगोलिक रचना झाली.

इलेक्ट्रॉनकडून उसना कल

प्रोटॉन मॅग्नेटोमीटरमध्ये केंद्रकांना वळवण्याचे काम विद्युतप्रवाह करतो. त्यासाठी वीज बरीच लागते आणि मोजणी थांबत-थांबत होते. दुसरा मार्ग अल्बर्ट ओव्हरहाउझर या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये सुचवला. इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व प्रोटॉनपेक्षा शेकडो पट बलवान, म्हणून त्याचा कलही त्या प्रमाणात मोठा असतो. इलेक्ट्रॉनांना योग्य वारंवारतेच्या लहरींनी सतत डिवचत ठेवले, तर ते पूर्वस्थितीला येताना आपला कल शेजारच्या केंद्रकांना देतात, असे त्याचे म्हणणे. आदर्श परिस्थितीत प्रोटॉनांचे ध्रुवीकरण याने ६५८ पटींपर्यंत वाढू शकते. ही कल्पना ऐकून ब्लॉख, पर्सेल आणि रॅबी यांच्यासारख्या दिग्गजांनाही शंका आली होती. त्याच वर्षी चार्ल्स स्लिक्टर आणि थॉमस कार्व्हर यांनी लिथियम धातूवर प्रयोग करून ती खरी असल्याचे दाखवले.

ओव्हरहाउझर मॅग्नेटोमीटर याच तत्त्वावर चालतो. त्याच्या द्रवात सुटे इलेक्ट्रॉन असलेले रेणू मिसळलेले असतात आणि रेडिओलहरी त्या इलेक्ट्रॉनांना उत्तेजित करतात. वीज कमी लागते आणि मोजणी अधिक वेगाने करता येते. हिऱ्यात जे घडते त्याची अर्धी गोष्ट इथेच आहे: इलेक्ट्रॉनने केंद्रकाला कल देणे. उरलेली अर्धी, म्हणजे मुळात इलेक्ट्रॉनलाच प्रकाशाने वळवणे, फ्रान्समध्ये घडली. आल्फ्रेड कास्टलर यांनी १९५० मध्ये वायूतील अणूंना ध्रुवित प्रकाशाने एका स्पिन-अवस्थेत ढकलण्याची रीत मांडली. तिला ऑप्टिकल पंपिंग म्हणतात आणि तिच्यासाठी कास्टलर यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये जॉर्ज लांपेल यांनी थंड केलेल्या सिलिकॉनमध्ये प्रकाशाने केंद्रकांचा कल वाढवून दाखवला. घन पदार्थातील हा पहिला यशस्वी प्रयोग. मात्र सिलिकॉनला थंड करावे लागे.

दरम्यान धर्मट्टी मुंबईला परतले होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी एनएमआरचा गट उभारला. सी. आर. कणेकर, गिरजेश गोविल, आर. विजयराघवन आणि सी. एल. खेत्रपाल ही नावे त्या परंपरेतली. संस्थेचे आवार १९६२ मध्ये कुलाब्याच्या दक्षिण टोकाला उभे राहिले, जुन्या वेधशाळेच्या शेजारीच. १९८०च्या दशकात तेथे ५०० मेगाहर्ट्झचा वर्णपटमापक असलेली राष्ट्रीय एनएमआर सुविधा सुरू झाली आणि प्रथिनांच्या रचनेचे काम हाती घेतले गेले. मोठे चुंबक आणण्यामागचे एक कारण ध्रुवीकरणाचेच होते: क्षेत्र वाढवले की कल वाढतो, पण त्याच प्रमाणात, म्हणजे हळूहळू.

हिरा आणि त्याचे दोष

हिऱ्याचा व्यापार महाराष्ट्राला नवा नाही. गडचिरोली जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आईन-ए-अकबरीत आहे, आणि आज मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्स जगातील मोठ्या हिरेबाजारांपैकी एक आहे. बाजारात दोष म्हणजे किमतीतली घट. भौतिकशास्त्रात मात्र हिऱ्याचे मोल त्याच्या दोषांत आहे.

सी. व्ही. रामन यांनी बंगळूरला १९४०च्या आसपास हिऱ्यांच्या प्रकाशदीप्तीचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या विद्यार्थिनी अ‍ॅना मणी यांनी तीसहून अधिक हिऱ्यांचे वर्णपट नोंदवले. प्रकाश इतका मंद असे, की एकेका छायाचित्राला पंधरा-वीस तास लागत. मणी १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या आणि पुढे हवामान उपकरणांसाठी प्रसिद्ध झाल्या. काही हिरे निळे चमकतात आणि काही पिवळे, हे का होते याचे उत्तर त्या वेळी कोणाकडे पुरेसे नव्हते. १९५९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डब्ल्यू. कायझर आणि डब्ल्यू. बाँड यांनी बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन मिसळलेला असल्याचे सिद्ध केले.

जोहान्सबर्गच्या लॉरेन्स दु प्रीझ यांनी १९६५ च्या प्रबंधात एका वेगळ्या दोषाची नोंद केली. नायट्रोजन असलेल्या हिऱ्यावर वेगवान कणांचा मारा केला, तर काही कार्बन अणू जागेवरून उडतात आणि रिकाम्या जागा उरतात. मग हिरा तापवला, की या रिकाम्या जागा स्फटिकात सरकत जातात आणि नायट्रोजनच्या शेजारी येऊन अडकतात. नायट्रोजन आणि त्याला लागून रिकामी जागा, अशा जोडीला एनव्ही केंद्र म्हणतात. ते हिरवा प्रकाश शोषते आणि ६३७ नॅनोमीटरपासून पुढे पसरलेला लाल प्रकाश सोडते. गॉर्डन डेव्हिस आणि हेमर यांनी १९७६ मध्ये त्याची सममिती ठरवली, आणि पुढच्या वर्षी-दोन वर्षांत लूब्सर आणि व्हॅन वाइक यांनी दाखवले, की प्रकाश पडल्यावर त्यातील इलेक्ट्रॉनांचे स्पिन आपोआप एका अवस्थेत गोळा होते. १९९७ मध्ये जर्मनीत ग्रूबर, योर्ग व्राखट्रुप आणि सहकाऱ्यांनी एकाच एनव्ही केंद्राचा स्पिन-संकेत प्रकाशाने वाचून दाखवला, आणि तोही नेहमीच्या तापमानाला.

प्रकाश इलेक्ट्रॉनला कसा वळवतो

एनव्ही केंद्रातील इलेक्ट्रॉनांचे एकत्रित स्पिन तीन अवस्थांत राहू शकते: शून्य, अधिक एक आणि उणे एक. बाहेरचे क्षेत्र नसतानाही शून्य आणि इतर दोन अवस्थांमध्ये २.८७ गिगाहर्ट्झचे अंतर असते. हिरवा प्रकाश केंद्राला वरच्या, उत्तेजित अवस्थेत नेतो. तेथे ते दहा-बारा नॅनोसेकंद राहते. स्पिन शून्य असेल तर केंद्र बहुधा लाल प्रकाश सोडून सरळ खाली येते आणि स्पिन शून्यच राहते. स्पिन अधिक किंवा उणे एक असेल, तर ते बऱ्याचदा लाल प्रकाश न सोडता एका मधल्या, अप्रकाशित अवस्थेत उतरते आणि तेथून बव्हंशी शून्य अवस्थेत येते. हे चक्र मायक्रोसेकंदभर चालले, की बहुतेक केंद्रे शून्य अवस्थेत पोचतात.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, प्रकाश स्पिनला वळवतो. त्यासाठी हिरा थंड करावा लागत नाही किंवा मोठा चुंबकही लागत नाही. दुसरा, शून्य अवस्थेतील केंद्र इतरांपेक्षा सुमारे तीस टक्के अधिक उजळ दिसते, म्हणून त्याच प्रकाशाने स्पिन वाचताही येते. कुलाब्याच्या यंत्रांतील किरण चुंबकाची फक्त नोंद घेत होता. इथे वळवणे आणि वाचणे ही दोन्ही कामे प्रकाशाकडे आली. हे हिऱ्यातच इतके सहज घडते, कारण त्याची जाळी अतिशय ताठ आहे आणि तिच्यातील सुमारे ९९ टक्के कार्बन स्पिन नसलेला कार्बन-१२ आहे. उरलेल्या १.१ टक्के कार्बन-१३ च्या केंद्रकांना स्पिन असते, आणि वळवायची असतात ती हीच.

केंद्रकापर्यंत

इलेक्ट्रॉनचा कल केंद्रकाला देण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे सुमारे ५१ मिलिटेस्लांचे क्षेत्र, केंद्राच्या अक्षाच्या दिशेने लावलेले. तेथे उत्तेजित अवस्थेतील शून्य आणि उणे एक या पातळ्या जवळजवळ समान ऊर्जेला येतात. अशा वेळी इलेक्ट्रॉन शून्यातून उणे एकमध्ये आणि शेजारचे केंद्रक खालून वर, अशी अदलाबदल ऊर्जेचा भुर्दंड न पडता होऊ शकते, कारण दोघांच्या स्पिनची बेरीज बदलत नाही. मग प्रकाश इलेक्ट्रॉनला पुन्हा शून्यात आणतो, पण केंद्रक वरच राहते. वर गेलेल्या केंद्रकाला अदलाबदलीसाठी जोडीदार अवस्था उरत नाही, म्हणून ते परत खाली येत नाही. रहाटाचा प्रत्येक फेरा जसा थोडे पाणी वर आणतो, तसा प्रकाशाचा प्रत्येक फेरा थोडा कल केंद्रकाकडे पोचवतो.

व्हिन्सेंट जॅक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या रीतीने एकेका एनव्ही केंद्रातील नायट्रोजन-१५ चे केंद्रक नेहमीच्या तापमानाला सुमारे ९८ टक्क्यांपर्यंत वळवून दाखवले. उत्तेजित अवस्थेत इलेक्ट्रॉन आणि नायट्रोजनचा संबंध मूळ अवस्थेपेक्षा वीसेक पटीने बळकट असतो, म्हणून उत्तेजित अवस्थेचे काही नॅनोसेकंदही अदलाबदलीला पुरतात. मूळ अवस्थेतील पातळ्या सुमारे १०२ मिलिटेस्लांना जवळ येतात आणि तेथेही असाच व्यवहार घडतो.

एका दोषाजवळचे केंद्रक वळवणे ही पहिली पायरी. सगळा हिरा वळवणे ही पुढची. कॅलिफोर्नियातील बर्कलीला जोनाथन किंग, पॅट्रिक कोल्स आणि जेफ्री रायमर यांनी २०१० मध्ये ९.४ टेस्लांच्या क्षेत्रात हिऱ्यावर प्रकाश टाकून कार्बन-१३ चे सरासरी ५.२ टक्क्यांपर्यंत ध्रुवीकरण मोजले. केंद्रके कमी ऊर्जेच्या नव्हे, तर अधिक ऊर्जेच्या अवस्थेत गोळा झाली होती. नुसत्या थंडाव्याने असे कधीच होत नाही. दोषांजवळच्या केंद्रकांनी घेतलेला कल एका केंद्रकाकडून दुसऱ्याकडे पसरत जातो आणि काही मिनिटांत संपूर्ण स्फटिकभर पोचतो. याला स्पिन-विसरण म्हणतात. २०१३ मध्ये इस्रायलमधील गटाने पन्नास मिलिटेस्लांच्या आसपास, नेहमीच्या तापमानाला, अर्ध्या टक्क्याच्या घरात कल मिळवला. २०१५ मध्ये किंग आणि सहकाऱ्यांनी ४२० मिलिटेस्लांना प्रकाश आणि मायक्रोवेव्ह एकत्र वापरून नेहमीच्या तापमानालाच तो सहा टक्क्यांवर नेला. त्या क्षेत्रात नैसर्गिक कल दहा लाखांमागे अर्ध्याहूनही कमी असतो.

या सर्व रीतींना एक अडचण होती. एनव्ही केंद्राचा अक्ष हिऱ्याच्या चार बंधदिशांपैकी एकाच दिशेला असतो, आणि क्षेत्र त्याच दिशेला लावावे लागते. हिऱ्याच्या पुडीत कण वेड्यावाकड्या दिशांना असल्याने बहुतेक केंद्रे वाया जातात. बर्कलीत अशोक अजॉय आणि अ‍ॅलेक्स पाइन्स यांच्या गटाने २०१८ मध्ये क्षेत्र मुद्दाम कमी ठेवून मायक्रोवेव्हची वारंवारता सरकती ठेवली. त्यामुळे कोणत्याही दिशेच्या कणातील केंद्र कधी ना कधी योग्य वारंवारतेत येते आणि कार्बन-१३ ला कल देते. नंतर पुडी झटकन मोठ्या चुंबकात नेऊन संकेत वाचला जातो.

मुंबईतील आजचे काम

पवईच्या आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांच्या गटाने एनव्ही केंद्रांवर आधारित संवेदक उभारले आहेत. २०२२ मध्ये या गटाने आयआयटी खरगपूरच्या सहकाऱ्यांसह हिऱ्याच्या पातळ थराखालील चुंबकीय क्षेत्राची चित्रे एका सेकंदापेक्षा कमी वेळात घेणारा सूक्ष्मदर्शक जाहीर केला. २०२४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससह मायक्रोचिपमधील विद्युतप्रवाहांचे चित्र हिऱ्याच्या साहाय्याने काढण्याचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानाची तरतूद सुमारे ६,००३ कोटी रुपयांची आहे, आणि त्यातील संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईला मिळाले. या संवेदकांत मुख्यतः इलेक्ट्रॉनचे स्पिन वापरले जाते. केंद्रकाचे स्पिन अधिक काळ टिकते, म्हणून माहिती साठवणे, परिवलन मोजणे आणि वैद्यकीय प्रतिमांसाठी हिऱ्याचे कण वापरणे, या दिशांनी जगभर त्याच्यावर काम चालू आहे.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. दाट दोष असलेल्या हिऱ्यात प्रकाश फार खोल जात नाही. दोष वाढवले तर कल अधिक वेगाने मिळतो, पण त्याच दोषांमुळे तो लवकर ओसरतो. हिऱ्याबाहेरच्या द्रवाला हा कल देणे अजून कठीण आहे, कारण तो पृष्ठभागाशी पोचता-पोचता विरतो. हिऱ्याचे संवेदक एकूण क्षेत्र आणि त्याची दिशा एकाच वेळी, तेही अतिशय छोट्या जागेत मोजू शकतात. दीर्घकाळच्या स्थिर नोंदीसाठी मात्र प्रोटॉनच्या वारंवारतेवरचे यंत्रच जगभरच्या वेधशाळांत आजही प्रमाण मानले जाते.